ईमान कमजोर नव्हते

2011 सालच्या रमजानमधली गोष्ट आहे. इफ्तारला दहा मिनिटे राहिली होती. दस्तरख्वानावर खजूर, भजी, केळ्यांचे काप मांडून झाले होते. आमची धाकटी तेव्हा सात वर्षांची होती आणि त्या दिवशी तिचा पहिला रोजा होता. नवा फ्रॉक घालून ती सगळ्यांना सरबत द्यायला निघाली आणि तिच्या हातून एक ग्लास कलंडला. सरबत तिच्या अब्बूंच्या मांडीवर सांडले. त्यांनी समोरची ताटली उचलली आणि भिंतीवर भिरकावली.

पंधरा वर्षांच्या संसारात मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. गावात त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो तेव्हा त्याचे डोके तापलेले असते, पाणी थांबलेले असते, पीक सुकत असते. अशा माणसाला चहा पाजून शांत करणारा हा माणूस. त्या दिवशी अजान झाली तरी कोणी खजुराला हात लावला नाही. हे उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. लहान मूल रडते तसा.

ताटली फेकली त्याची मला भीती वाटली होती, पण त्या रडण्याची जास्त वाटली.

आता थोडे मागे जाऊन सांगते. 1997 मध्ये ह्यांना मोटारसायकलचा अपघात झाला होता. मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. जीव वाचला, अल्हमदुलिल्लाह. त्या काळी आपल्याकडे रक्तपेढ्यांमध्ये हिपॅटायटिस सी या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती. ती 2001 मध्ये सक्तीची झाली. हा विषाणू सापडलाच मुळी 1989 मध्ये. तो शरीरात शिरला तरी वर्षानुवर्षे काही कळत नाही, आतल्या आत यकृत खराब होत राहते. ह्यांना 2011 च्या सुरुवातीला सतत थकवा यायला लागला, म्हणून रक्त तपासले आणि तेव्हा कळले.

त्या वेळचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनचे इंजेक्शन. आठवड्यातून एक, आणि सोबत रोज गोळ्या. ह्यांच्या विषाणूचा जो प्रकार होता त्याला 48 आठवडे हे चालवायचे होते. माझ्या पाटल्या आणि दुकानामागची मोकळी जागा त्यात गेली. त्याचे दु:ख नाही. आमच्या गावात बाजारपेठ गुरुवारी बंद असते, म्हणून आम्ही बुधवारची रात्र ठरवली. इशाची नमाज झाली की मी फ्रीजमधून इंजेक्शन काढायचे, ते थोडे बाहेर ठेवायचे आणि पोटाच्या कातडीत टोचायचे. नर्सबाईंनी मला शिकवले होते. रात्री बारा-एकला ह्यांना थंडी वाजून ताप भरायचा, अंग ठणकायचे, आणि गुरुवार अंथरुणात जायचा. हे सगळे होणार, असे आम्हाला आधीच सांगितले होते. ताप येईल, केस गळतील, वजन उतरेल, रक्त कमी होईल. मनाचे काय होईल, ते मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते. की सांगितले असेल आणि आम्ही ऐकले नसेल, अल्लाह जाणे.

मे महिन्यात उपचार सुरू झाला. जूनच्या अखेरीस हे बोलायचे कमी झाले. जुलैमध्ये दुकानातला पोरगा मला येऊन म्हणाला, “भाभी, भाई गिऱ्हाइकाशी भांडतात, आणि कधी कधी नुसते बसून राहतात. हातात तार असते, पण हात हलत नाही.” घरात मुले जवळ गेली की हे तोंड फिरवायचे. रात्र रात्र जागे असायचे. बिर्याणी केली तरी दोन घासांत उठायचे. पुढे जुम्म्याची नमाजही सुटली. एकदा मी पाहिले, घरातच जानमाज अंथरून हे सजद्यात गेले आणि उठलेच नाहीत. मी खांद्याला हात लावला तर म्हणाले, “दुआ मागायला बसतो, पण आत काहीच नाही. जसं माझं ऐकणारं कोणी नाही.”

ज्या माणसाने तरावीह कधी चुकवली नाही, त्याच्या तोंडून हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला.

घरात जो तो आपापल्या परीने अर्थ लावत होता. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, नजर लागल्याची खात्री होती. त्यांनी मिरच्या ओवाळल्या. मोठ्या नणंदेने, आपांनी, कोणा आमिलकडून तावीज आणला आणि माझ्या उशीखाली काही निघते का तेही पाहून घेतले. एक नातेवाईक घरी आले आणि ह्यांच्यासमोरच म्हणाले, “आजारपण सगळ्यांनाच येतं. सब्र पाहिजे. ईमान कमजोर झालं की माणूस असा खचतो.” हे काही बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, “खरं आहे त्यांचं. मीच कमजोर आहे.”

आणि मी? मी काही वेगळी नव्हते. मला वाटायचे, आजार यकृताचा आहे, मग जिभेला काय झाले? इंजेक्शन मी टोचते, औषधासाठी पाटल्या मी मोडल्या, आणि हा माणूस माझ्याकडे बघतही नाही. ताटलीच्या त्या रात्री मी कपाटावरून बॅग काढली आणि मुलांचे कपडे भरले. सहरीच्या वेळी अम्मांनी ती बॅग पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाल्या, “बुधवारी सुई कोण देणार, तेवढं सांगून जा.” मी गेले नाही. पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. सुईची अडचण होती, म्हणून थांबले.

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम सोबत गेले. डॉक्टरांनी रक्ताचे आकडे पाहिले, खूश झाले. विषाणू झपाट्याने कमी होत होता. मग चष्मा काढून त्यांनी ह्यांना विचारले, “झोप कशी आहे? राग येतो? रडू येतं?” हे गप्प राहिले. डॉक्टर थांबले आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, “आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं?” हे खाली मान घालून म्हणाले, “रोज.”

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. एकाच छताखाली राहत होते, एकाच ताटात जेवत होते, आणि हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतर डॉक्टरांनी जे समजावले, ते मी आजवर अनेकांना सांगितले आहे. ते म्हणाले, “ही तुमची कमजोरी नाही. हे या औषधाचं काम आहे. इंटरफेरॉन म्हणजे बाहेरचं काही विष नाही. आपलं शरीर स्वतःच ते बनवतं. विषाणू शिरला की पेशी ते सोडतात आणि शेजारच्या पेशींना निरोप देतात की सावध व्हा. फ्लूमध्ये हा निरोप चार दिवस असतो. तुम्हाला आम्ही तो अकरा महिने देतोय. तो निरोप यकृतापाशी थांबत नाही. मेंदूपर्यंत जातो.”

त्यांनी ह्यांना नैराश्यावरची गोळी सुरू केली, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. ह्यांना एकटे ठेवायचे नाही, आणि घरातली औषधे माझ्या ताब्यात ठेवायची. इंजेक्शन थांबवले नाही. अशा वेळी काही रुग्णांचे थांबवावे लागते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

चार-पाच आठवड्यांत फरक दिसू लागला. ताप येतच होता, केस गळतच होते, पण एका गुरुवारी अंथरुणातूनच ह्यांनी धाकटीला हाक मारली आणि तिच्याकडून पाढे म्हणवून घेतले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकले आणि ओढणीने डोळे पुसले. एप्रिल 2012 मध्ये शेवटचे इंजेक्शन झाले. पावसाळ्यापर्यंत जुना माणूस परत आला. ऑक्टोबरमध्ये, बकरी ईदच्या थोडे आधी, रक्ताचा अहवाल आला. विषाणू नाही. अल्हमदुलिल्लाह.

माझ्यासाठी मात्र गोष्ट तिथे संपली नाही. एक इंजेक्शन माणसाच्या दुआतली ओल कशी काय काढून घेते, हा प्रश्न मनातून जाईना. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण तेव्हापासून जिथे मिळेल तिथे या विषयावर वाचत आले. जे समजले ते सोप्या भाषेत सांगते.

आपल्या रोगप्रतिकार शक्तीच्या पेशी एकमेकींशी बोलतात, त्या रसायनांमार्फत. त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरफेरॉन हे त्यातलेच एक. 1957 मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी ते शोधले. इंटरल्युकिन नावाचे कुटुंब आहे, त्याला आकडे दिलेले आहेत. शरीरात कुठे जंतू शिरला, जखम झाली, सूज आली की ही निरोपी रसायने रक्तात उतरतात.

मेंदूभोवती एक मजबूत गाळणी असते. रक्तातले सगळे काही मेंदूत जात नाही. म्हणून पूर्वी समज असा होता की प्रतिकार शक्तीचे जग वेगळे आणि मेंदूचे वेगळे. पण निरोपाला वाटा असतात. काही ठिकाणी ही गाळणी सैल असते, तिथून तो आत जातो. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची लांब नस आहे, तिच्या तारेवरून तो वर पोहोचतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशीही तो ऐकतात आणि आत नवे रसायन सोडतात. ताप चढतो तो असाच. पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरतो, कारण ते रसायन बनणे कमी होते.

आजारी जनावर तुम्ही पाहिले असेल. बकरी ईदसाठी आणलेला बोकड एखाद्या दिवशी चारा सोडतो, कळपापासून लांब कोपऱ्यात मान टाकून बसतो. आपण लगेच म्हणतो, याला काहीतरी झाले आहे. अमेरिकेतले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये एक लेख लिहून सांगितले की भूक मरणे, झोप येणे, कशातच मन न लागणे, एकटे राहावेसे वाटणे, ही आजारी जनावराची कमजोरी नाही. ती शरीराची योजना आहे. शक्ती वाचवायची, ती तापाला द्यायची, जंतूशी लढायचे. ही योजना सायटोकाइन मेंदूला कळवतात. चार दिवसांसाठी ती रहमत आहे. निरोप महिनोन्‌महिने चालू राहिला, तर तीच योजना नैराश्याच्या अंगाने जाते.

इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण चारातल्या एकाला ठळक नैराश्य येत असे. म्हणजे आमचे घर काही जगावेगळे नव्हते. 2001 मध्ये अमेरिकेत चाळीस रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांना त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉनचे मोठे डोस द्यायचे होते. निम्म्यांना दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, उरलेल्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी दिली. बिनऔषधाच्या गटात 45 टक्क्यांना नैराश्य आले, औषधाच्या गटात 11 टक्क्यांना. हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. गोळीने ईमान वाढत नाही. मग ज्या उदासीला गोळीने आधीच अडवता येते, तिचा दोष ईमानाला कसा देणार?

गेल्या काही वर्षांत याहून पुढचे कळले आहे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. भीती आणि काळजी यांचे ते ठाणे. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर काम करून दाखवले की तिथल्या मज्जापेशींवर इंटरल्युकिन-17 साठीचे ग्राहक असतात, म्हणजे कुलपासारखे, ज्यात ती किल्ली बसते. ती बसली की या पेशी जास्त उत्तेजित होतात आणि उंदीर घाबरट होतो. इंटरल्युकिन-10 हे सूज शमवणारे रसायन त्याच पेशींना शांत करते. म्हणजे प्रतिकार शक्तीचा निरोप थेट भीतीच्या ठाण्यात पोहोचतो, आणि काळजी वाढवणारा व निवळवणारा असे दोन्ही निरोप असतात.

ही रसायने शत्रू आहेत असे मात्र नाही. 2016 मध्ये एका अभ्यासात असे दिसले की एका वेगळ्या प्रकारचे इंटरफेरॉन, ज्याला गॅमा म्हणतात, ते नसलेले उंदीर इतर उंदरांत मिसळत नाहीत, आणि ते परत दिले की मिसळू लागतात. अल्लाहने शरीर असे बनवले आहे की जे रसायन जंतूशी लढायला आहे, तेच आपल्याला माणसांत बसण्याची ओढही देऊ शकते. प्रश्न प्रमाणाचा, जागेचा आणि मुदतीचा असतो. उंदरावर दिसलेले सगळे माणसावर जसेच्या तसे लागू होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक उदासी सुजेतून येत नाही. 2013 मध्ये अटलांटा इथे एक प्रयोग झाला. कुठल्याच औषधाला दाद न देणारे नैराश्य असलेल्या 60 जणांपैकी निम्म्यांना सायटोकाइन रोखणारे औषध दिले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर काहीच फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या रक्तात सूज दाखवणारे सीआरपी जास्त होते, त्यांना फायदा होत असल्याची चिन्हे होती. ज्यांचे कमी होते, त्यांना उलट ते नुसत्या सलाइनपेक्षाही कमी उपयोगी ठरले. म्हणून उदास वाटते तर सुजेची गोळी घेऊ, असा उद्योग कोणी घरच्या घरी करू नये. उदासीची कारणे अनेक असतात. कोणाचा जवळचा माणूस गेलेला असतो, कोणावर कर्ज असते, कोणाच्या घरात जुलूम असतो. काहींची मात्र खरोखर रक्तातून येते.

हा फरक आपल्याच एका पूर्वजाने हजार वर्षांपूर्वी ओळखला होता, हे मला नंतर कळले. अबू झैद अल-बल्खी हे बल्ख प्रांतातले विद्वान, 934 मध्ये वारले. शरीर आणि मन दोन्हींचे आरोग्य कसे सांभाळावे यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की दु:ख दोन प्रकारचे असते. एकाचे कारण माणसाला माहीत असते. दुसऱ्याचे कारण माहीत नसते, ते शरीरातून, रक्तातल्या बिघाडातून येते, आणि त्याचा इलाज शरीराच्या बाजूने करावा लागतो. त्यांच्या काळी सायटोकाइनचे नावही नव्हते, आणि त्यांचे रक्ताबद्दलचे ज्ञान त्या काळचे होते. पण खचलेल्या माणसाकडे पाहून, तुझे ईमान कमी आहे, एवढे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी विचारले, याचे शरीर काय म्हणते आहे?

आमच्या मशिदीतले मौलानासाहेबही त्या वेळी घरी आले होते. मला धास्ती होती की तेही सब्रचा उपदेश करतील. ते ह्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि म्हणाले, “आजाऱ्याला रोजा माफ आहे, बरं झाल्यावर पुरा करायचा. जो अल्लाह पोटाच्या आजाराला सवलत देतो, तो मनाच्या आजाराला देणार नाही का? दवा घेणं सुन्नत आहे. दुआत गोडी येत नसेल तर येऊ दे न येऊ दे, तू फक्त हात उचल.” त्यांनी सायटोकाइनचे एक अक्षर वाचलेले नव्हते.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट करायची आहे, कारण हा लेख घराघरांत वाचला जाईल. ताटली फेकण्यामागे इंजेक्शन होते हे खरे. पण बरे वाटू लागल्यावर ह्यांनी धाकटीला जवळ बसवले आणि म्हणाले, “बेटा, त्या दिवशी चूक माझी होती, तुझी नव्हती.” रक्तातले रसायन राग पेटवू शकते, पण माफी माणसालाच मागावी लागते. जो माणूस धडधाकट असून वर्षानुवर्षे बायको-पोरांवर हात उगारतो, त्याने या विज्ञानाची ढाल करू नये, आणि बायकांनीही त्याच्यासाठी ती करू नये. स्वभावात अचानक बदल होणे आणि जुलूम करणे, यांत फरक आहे. आजाराने बदललेला माणूस स्वतःच आपल्या वागण्याने आधी मोडून पडलेला असतो. आतल्या खोलीतले ते रडणे मी विसरत नाही.

आता माझ्या अम्मीविषयी. हे लिहायला मला सर्वांत जड जाते.

अम्मीला आमवात होता, सांध्यांची सूज येणारा संधिवात. मी कॉलेजात असल्यापासून. सकाळी तिच्या बोटांची मूठ वळायची नाही, भाकरी थापता यायची नाही. आणि त्या सकाळी ती कोणावरही खेकसायची. पाणी उशिरा तापले, दार जोरात लागले, काहीही कारण पुरायचे. दुपारनंतर बोटे सैल पडली की जरा निवळायची. आम्ही बहिणी तिला पाठीमागे “आग” म्हणायचो. आजारी बाई चिडणारच, दुखते म्हणून चिडते, एवढाच आमचा हिशेब होता. काही दिवस असे असायचे की दुखणेही फार नसायचे, तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी तिला एकदा म्हणाले होते, “अम्मी, तुला अल्लाहने काय कमी दिलंय? जरा शुक्र कर.” ती काही बोलली नाही. 2009 मध्ये ती गेली.

आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठते, आणि तीच निरोपी रसायने रात्रंदिवस रक्तात फिरत राहतात. ह्यांना मी 48 बुधवार सुई दिली. माझ्या अम्मीचे शरीर तिला वीस वर्षे रोज सुई देत होते. जर्मनीतल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. आमवाताच्या काही रुग्णांना टीएनएफ नावाचे सायटोकाइन रोखणारे औषध दिले आणि मेंदूची चित्रे घेतली. सांध्यांची सूज अजून तशीच होती, पण चोवीस तासांतच मेंदूतल्या वेदनेच्या जागा शांत झाल्या होत्या. म्हणजे बोटे सुजलेली असतानाच मेंदू आधी सुटला होता. ते वाचताना मला भिंतीकडे तोंड केलेली अम्मी दिसली. ती नाशुक्री नव्हती. तिच्या मेंदूला रोज सकाळी एकच निरोप मिळत होता की तू आजारी आहेस, पडून राहा, कोणाशी बोलू नकोस. तो निरोप येत असतानाही ती उठायची, आमचे डबे करायची. तिचा सब्र आम्हाला दिसला नाही, कारण आम्ही तिची चिडचिड मोजत बसलो होतो.

आज हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची गरज सहसा पडत नाही. 2015 पासून आपल्या देशात नव्या गोळ्या मिळू लागल्या. बहुतेकांचा उपचार तीन महिन्यांत होतो आणि मन असे होरपळत नाही. पण आमवात, सोरायसिस, आतड्यांची सूज, लांबलेला क्षय असे आजार आपल्या घरांत आहेतच. तुमच्याही घरात कोणी असेल. त्यांच्या सांध्यांची, त्वचेची, पोटाची चौकशी सगळे करतात. मनाची कोणी करत नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा झोप, भूक, राग, रडू यांचीही माहिती द्या. न विचारताही द्या. आजारी माणूस स्वतः सांगणार नाही, त्याला लाज वाटते. नवे औषध सुरू झाल्यावर स्वभाव बदलला तर ते डॉक्टरांना लगेच कळवा, पण औषध मनाने बंद करू नका. आणि कोणी, मी नसतो तर बरे, असे म्हणाले तर त्याला गुनाहची भीती घालून गप्प करू नका. जवळ बसा, ऐका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानवाल्यांना एका शरीराची उपमा दिली आहे. एक अवयव दुखला की सारे शरीर ताप आणि जागरणाने त्याला साथ देते, असा त्या हदीसचा आशय. लहानपणापासून मी ती ऐकत आले. तेव्हा वाटायचे, ही फक्त समाजाविषयीची गोष्ट आहे. आता ती ऐकते तेव्हा आधी ते शरीर डोळ्यांपुढे येते. यकृत दुखते आणि मेंदू जागा राहतो. बोटे सुजतात आणि मन झोपत नाही. मग त्यातला समाजही दिसतो, आणि वाटते की त्या वर्षी आमच्या घरातला एक अवयव दुखत होता आणि आम्ही बाकीचे त्याच्या ईमानाची मापे काढत होतो.

आमची धाकटी आता नर्सिंग शिकते. मागच्या सुट्टीत आपा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना दोन वर्षांपासून आमवात आहे. सकाळी चहा थंड झाला म्हणून त्या तिच्यावर ओरडल्या. मी काही बोलणार, तोच तिने चहाचा कप बाजूला ठेवला, त्यांची सुजलेली बोटे आपल्या हातात घेतली आणि विचारले, “फुफी, बोटं राहू दे. आज मन कसं आहे?”

आपा तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. ज्यांनी माझ्या उशीखाली तावीज शोधला होता, त्याच ह्या आपा. मी नवा चहा टाकायला आत गेले.